शंभराच्या खालचं

३ जून

कानसेनबाई,

फोन बिघडला आहे, म्हणून हा कागद. दुरुस्तीला न्यायचा कंटाळा येतो. शिवाय फोनवर तू इतक्या घाईनं बोलतेस की आकडे माझ्या हातून निसटतात, आणि मला विचारायचंय ते आकड्यांचंच आहे.

आमचं थिएटर अखेर बंद झालं. मालकानं जुन्या माणसांना बोलावून सांगितलं, ज्याला जे हवं ते न्या, उरलं ते भंगारात जाईल. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी तिकीटखिडकीची काच नेली. मी पडद्यामागचा सबवूफर आणला. ज्याचे सूर जुळवण्यात जन्म काढला त्याला भंगारात कसा जाऊ देणार? जिन्यातून चढवताना तुझ्या मावशीनं खालच्या दारातून डोकं काढलं. म्हणाली, 'भावोजी, नवीन फ्रीज घेतलात?' मी म्हटलं, हा खालच्या सुरांचा डबा आहे, याचं गाणं कानापेक्षा पोटाला जास्त कळतं. त्यावर ती म्हणाली, 'आधी पोटाला दोन वेळ नीट जेवायला घाला.' आम्ही दोघांनी मिळून त्याचं नाव ढोल्या ठेवलं आहे.

ढोल्या मागच्या लाकडी जमिनीच्या खोलीत आहे, जिथे तुझी आई गायची आणि मी टेप केलं होतं तिथेच. पण त्याचं वागणं काही कळत नाही. दाराशी उभं राहिलं तर इतका घुमतो की कपाटाच्या काचा थरथरतात, आणि माझ्या खुर्चीत बसलं की गप्प. इक्वलायझरच्या खालच्या सुरांच्या दांड्या वर करून पाहिल्या. फरक नाही.

मला त्याच्यावर सिनेमे बघायचे नाहीत. मला फक्त आईची टेप ऐकायची आहे, तू साफ करून दिलेली. ती या खोलीत, या खुर्चीत बसून एकदा नीट ऐकायची आहे. थंडी पडायच्या आत झालं तर बरं. काय काय करायचं ते लिहून पाठव.

बाबा

१२ जून

बाबा,

पाकिटावर तुमचं अक्षर बघून घाबरलेच. वाईट बातमी असल्याशिवाय आजकाल कागदावर कोण लिहितं? उघडलं तर आत ढोल्या. जीव भांड्यात पडला, आणि मग रागही आला. तो फोन आधी दुरुस्त करा.

दांड्या वर केल्या म्हणे! मी शाळेत होते तेव्हा तुमच्या प्रोजेक्शनच्या खोलीत मला मांडीवर घेऊन कोणी शिकवलं होतं की ढीग असेल तर उपसावा, खड्डा असेल तर भरायला जाऊ नये? खालचे सूर भिंतींवर आपटून परत येतात. कुठे एकमेकांवर चढतात, तिथे ढीग. कुठे एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे खड्डा. तुमची खुर्ची खड्ड्यात बसली आहे. त्या जागी कितीही ओता, खोली गिळून टाकेल आणि अँप्लिफायर उगाच तापेल. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच आहे.

तर असं करा. दोन माणसांच्या मदतीनं ढोल्याला तुमच्या खुर्चीत बसवा. हो, खुर्चीतच. त्याच्यावर एखादी खर्जातली सावकाश चाल लावा आणि तुम्ही भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे तो ना घुमतो ना गायब होतो, एकसारखा ऐकू येतो, ती त्याची जागा. मग अदलाबदल करायची, तो तिथे आणि तुम्ही खुर्चीत. गुडघ्यांखाली उशी घ्या. मावशीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती रुग्णवाहिका बोलावेल. नंतर खुर्चीत डोक्याच्या उंचीवर माइक ठेवून खालपासून वरपर्यंत एक सूर सरकवत न्या आणि आकडे मला पाठवा.

आणखी एक. तुम्ही माझ्यावर रागावला आहात का? माझ्याकडे राहायला या म्हटलं ते तुम्हाला लागलं, हे मला कळलं होतं. पण अबोला धरून काय होणार? मी इथून काही तुमचा रुसवा काढायला येऊ शकत नाही. सुट्टी डिसेंबरशिवाय नाही.

तुमची

२३ जून

कानसेनबाई,

रांगलो. या वयात माणूस पुन्हा रांगायला लागतो असं ऐकून होतो, पण ते वेगळ्या कारणानं. डोळे मिटून, तळवे जमिनीला टेकवून सगळ्या भिंती फिरलो. मध्येच तुझी मावशी दारात उभी. खुर्चीत ढोल्या बसलेला आणि मी कपाटाशी ओणवा. काय म्हणाली असेल? 'काय हरवलं भावोजी?' मी म्हटलं, सूर. तर म्हणते, 'सापडला की सांगा, मलाही एक हवाच आहे.'

कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये जागा सापडली. ढोल्या आता तिथे आहे. फोनवरच्या त्या मोजमापाच्या ॲपनं पाहिलं. त्रेचाळीस हर्ट्झवर मोठा ढीग आहे, दहा डेसिबलचा. बासष्टच्या आसपास खड्डा आहे, पण खुर्ची थोडी पुढे ओढली तर बराच भरतो. एका युद्धपटाची चकती लावून पाहिली, तर तोफांनी कपबश्या नाचल्या. म्हणजे ढोल्या धडधाकट आहे.

पण आईची टेप लावली की तो मुका. हलतही नाही. दोन दिवस हात आवरला, शेवटी दांड्या पुन्हा वर केल्या. सगळ्या, टोकापर्यंत. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. अँप्लिफायरला जळका वास यायला लागला तेव्हा थांबलो. खोलीतच काहीतरी दोष राहिला असणार. अजून काय करता येईल ते बघ. तुझ्या त्या स्टुडिओत काही नवीन युक्त्या निघाल्या असतील.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. ते मला कधी जमलं?

बाबा

१ जुलै

बाबा,

फोन बिघडलाय ना? मग त्याच्यावर मोजमाप कसं घेतलंत? म्हणजे फोन चालतो, माझ्याशीच तेवढा चालत नाही. मी गेल्या आठवड्यात चार वेळा लावला. वाजून वाजून बंद झाला. ठीक आहे. तुम्हाला कागदावरच भांडायचं असेल तर कागदावर भांडू.

आधी कामाचं. त्रेचाळीसवर सहा डेसिबलची काट द्या, अरुंद, आजूबाजूला हात न लावता. एकदम दहा काढू नका, खोली पोकळ वाटेल. बासष्टला शिवायचं नाही, खुर्ची पुढे ओढलीत तेच बरोबर. बाकी सगळ्या दांड्या मधोमध. ढोल्याच्या पाठीमागचं उलटसुलट करायचं बटण दोन्हीकडे करून बघा, ज्या बाजूला जास्त भरीव वाटेल तिथे ठेवा. झालं. याच्यापुढे त्या खोलीत करण्यासारखं काही नाही.

आणि टेपचं म्हणाल तर, बाबा, आईच्या आवाजाला सबवूफर लागतच नाही. बाईमाणसाचा आवाज, तोही आईचा असा उंच. शंभर हर्ट्झच्या खाली त्यात काय असणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला? तुम्ही असं करा, ढोल्याला बंद करा, नुसत्या वरच्या दोन स्पीकरवर टेप लावा आणि शांतपणे तिचा आवाज ऐका. तो अगदी स्वच्छ आहे. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

मला वाटतं तुम्हाला करमत नाही, म्हणून हा उद्योग काढलाय. तसं असेल तर सरळ सांगा. खोली इथेही आहे.

तुमची

९ जुलै

चि. बाळ,

तू म्हणालीस तसं ढोल्या बंद करून ऐकलं. छान आहे. काम साफ आहे.

आता या विषयात तुला त्रास देणार नाही. अँप्लिफायर दुरुस्त झाला. जेवत जा वेळेवर.

बाबा

४ ऑगस्ट

बाळ,

मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, काय चुकेल ते सांभाळून घे. तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून. पण माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. तू मधे दोन पत्रं पाठवलीस ती टेबलावर आहेत, रोज वाचतात आणि उत्तर द्यायला बसतात आणि उठतात. म्हणून मीच लिहिते.

त्यांना ऐकू येत नाही ग. कमी येतं असं नाही, येतच नाही म्हटलं तरी चालेल. मी तोंडासमोर ओरडून बोलले तर थोडंफार पकडतात. फोनला काही झालेलं नाही. कानाच्या डॉक्टरनं सांगून टाकलंय की नस सुकत चालली आहे, उरलंसुरलं थंडीपर्यंत जाईल. यंत्र घेतलं होतं, ते खणात पडलंय. म्हणतात त्यानं आवाज मोठा होतो, शब्द होत नाहीत. दूध उतू जातं, किटली शिट्टी मारून मारून कोरडी होते. दारावरची बेल मी वाजवते ती माझी मलाच. आता मी पाय आपटत जिना चढते, मग त्यांना कळतं मी आले.

काल वर गेले तर त्या ढोल्यासमोर जमिनीवर बसले होते, दोन्ही तळवे त्याला लावून, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसे. ताईची टेप फिरत होती. बाळ, ताईचा आवाज खोलीभर होता, मला शब्दन् शब्द कळत होता, आणि ते माझ्याकडे बघून मान हलवत होते की काही नाही. मी तिथेच रडले. तर मला म्हणाले, मोठ्यानं, आता सगळं मोठ्यानंच बोलतात, 'तुझ्याकडे जुनी प्रत नाही ना, टाच असलेली?'

टाच तुला आठवते? ताई गाताना टाच आपटायची. माझ्या स्वयंपाकघराच्या वरच ती खोली. गाणं मला खाली कधीच ऐकू आलं नाही, दोन दारं आणि एवढी जाड जमीन. टाच मात्र यायची. त्या ठोक्यावर मी भाजी चिरायची. ती गेल्यापासून वरून काही येत नाही. भावोजी म्हणाले टेपमध्ये ती टाच होती, तू साफ केलीस त्यात गेली. लगेच म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस, तिनं जीव ओतून केलं होतं.

मी कळवलं. आता मला काय बोलायचं ते बोलतील.

मावशी

११ ऑगस्ट

बाबा,

मावशीचं पत्र आलं. तिच्यावर ओरडू नका.

मी तुम्हाला लिहिलं होतं, ढोल्या बंद करा आणि शांतपणे तिचा आवाज ऐका. ते वाक्य मला झोपू देत नाही. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि मला लिहिलंत, छान आहे. कसं लिहिलंत तुम्ही?

मला ते काम अगदी लख्ख आठवतं. आईला जाऊन महिना झाला होता आणि मी स्टुडिओत नवीन लागले होते. तुमच्याकडून टेपचं स्पूल मागून नेलं, आमच्या यंत्रावर उतरवून घेतलं. ऐकताना सगळीकडून तो धप धप. मला वाटलं माइकला धक्का लागतोय, जमीन हलते आहे, बाबांनी घाईत केलेलं रेकॉर्डिंग आहे. शंभराच्या खालचं सगळं कापून टाकलं. पडद्यावर रेघ सपाट झाली तेव्हा मला काय आनंद झाला होता. आणि ते सपाट झालेलं मी त्याच स्पूलवर परत भरलं. तीच फीत, तीच डबी, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, सगळं तसंच ठेवायचं होतं मला. स्टुडिओतल्या प्रती तर महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्याच पुसतात.

तो धक्का नव्हता, आईची टाच होती. मी त्या जमिनीवर गाल टेकवून पडायचे ती गात असताना. ठोका गालाला लागायचा. मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं का? मला खरं सांगा. तुम्ही तेव्हाही हेच म्हणाला होतात, काम साफ आहे.

सुट्टी मागितली. डिसेंबरआधी सोडत नाहीत. नोकरी टाकून येऊ का?

तुमची

२० ऑगस्ट

बाळ,

नोकरी टाकायची नाही. मावशीवर ओरडलो नाही. ओरडलो असतो तरी मलाच ऐकू आलं नसतं.

खरं विचारलंस, तर हो, त्याच दिवशी कळलं. टेप सुरू झाली आणि पहिल्या ओळीलाच मी टाचेची वाट बघितली. ती आली नाही. तू दाराच्या चौकटीला टेकून माझं तोंड बघत उभी होतीस. डोळे सुजलेले, महिनाभर रडून. आणि तरी चेहऱ्यावर ते होतं, पहिलं काम दाखवताना माणसाच्या असतं ते. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, काम साफ आहे. आणि ते साफ होतंच. शिवाय तेव्हा मला आवाज ऐकू येत होता. आवाज असताना टाचेवाचून कुणाचं अडतं?

मग एकेक जायला लागलं. आधी किटली. मग बेल. मग माणसांच्या बोलण्यातली धार गेली, सगळे तोंडात घास ठेवून बोलल्यासारखे. फोनवर तू भिंतीपलीकडून बोलतेस असं व्हायला लागलं. मी हो हो म्हणायचो. एकदा तू रडत होतीस आणि मी 'वा, छान' म्हटलं, आठवतं? तू फोन ठेवलास. त्यानंतर मी तो उचलायचं सोडलं. रागावलेला बाप तुला परवडेल असं वाटलं, बहिरा परवडणार नाही.

टेपमधली आईसुद्धा अशीच गेली, वरून खाली. आधी तिच्या शब्दांतले 'स' कळेनासे झाले, मग शब्द, मग नुसतीच कुणीतरी बाई. डॉक्टर म्हणाला, सगळ्यात खालचं सगळ्यात शेवटी जातं, आणि तेही गेलं तरी हाताला लागतं. तेव्हा मला टाच आठवली. माझी गंमत बघ, जन्मभर लोकांना सांगत आलो की खड्डा भरायला जाऊ नका, आणि स्वतः काय करत बसलो. पण मला वेड लागलं नव्हतं. मी असा विचार केला की फिल्टर म्हणजे सुरी नव्हे, तो उतार असतो. उताराच्या अगदी तळाला थोडं तरी उरलं असेल. पुष्कळ वाढवलं तर वर येईल. म्हणून दांड्या टोकापर्यंत नेल्या.

एका संध्याकाळी ती आली. तळव्याला हलकी थरथर लागली, सारखी, न थांबता. मी किती वेळ बसलो असेन कुणास ठाऊक. मग टेप संपली तरी थरथर चालूच. तेव्हा कळलं की ती टेपयंत्राची मोटर आहे. त्या दिवशी मात्र मला फार रडू आलं.

तू हे मनाला लावून घेऊ नकोस. आवाज तू राखलास. तो मला ऐकू येत नाही हा काही तुझा दोष नाही.

बाबा

१४ सप्टेंबर

बाबा,

सोबत एक स्पूल पाठवते आहे. डबीवर चिठ्ठी लावलेली नाही, ती तुमच्या हातानं लावा.

आधी ते उताराचं. तळाला काही उरलेलं नव्हतं. मी तो फिल्टर दोनदा लावला होता. काम करायचं तर पक्कं करायचं, ही तुमचीच शिकवण. तुम्ही जगातला सगळ्यात मोठा अँप्लिफायर आणला असतात तरी मोटरच ऐकली असतीत. आड मीच कोरडा केला होता.

पण ऐका, जुनी प्रत सापडली. आमच्याकडे एक म्हातारे तंत्रज्ञ होते, आता निवृत्त झाले. पुसायच्या आधी सगळ्याची एकेक प्रत घरी नेऊन ठेवायची त्यांना खोड होती. त्यांना विचारायला गेले तर खरंच निघाली. टाचेसकट. मी काही साफ केलेलं नाही, आहे तशी स्पूलवर उतरवली आहे.

लावायच्या आधी एवढं करा. त्रेचाळीसवरची सहाची काट तीनवर आणा, टाच त्याच्याच आसपास आहे. ढोल्याची पातळी तोफांसाठी ठेवली होतीत त्याच्या निम्मी. एकदम वाढवू नका. आणि तळवा पेटीच्या वर नाही, बाजूला ठेवा, तिथे नीट लागेल. अनवाणी बसा, पाय जमिनीला टेकवून. लागलं की मला कळवा. नाही लागलं तरी कळवा, यावेळी खोटं नको.

तुमची

२५ सप्टेंबर

माझ्या बाळा,

स्पूल मिळालं. काट तीनवर आणली, पातळी निम्मी केली, खोली झाडून घेतली, अनवाणी बसलो. दुपारची वेळ होती. एक तळवा ढोल्याच्या कुशीला लावला आणि टेप सुरू केली.

लागलं. स्पष्ट लागलं, हाताला आणि दोन्ही पायांना. मापात काडीचीही चूक नाही. याच्याहून चांगला खर्ज मी थिएटरातसुद्धा कधी लावला नव्हता.

यावेळी खोटं नको म्हणालीस, म्हणून सांगतो. ही आईची टाच नाही. तुझे ते म्हातारे तंत्रज्ञ कुठे राहतात ते मी विचारणार नाही. आई ठोका नेहमी किंचित उशिरा टाकायची. जरा रेंगाळून, पाय उचलायचा कंटाळा आल्यासारखा. मी तिला त्यावरून चिडवायचो, तुझ्या टाचेला घरी पोचायची घाई नाही म्हणून. ही टाच घाईची आहे. प्रत्येक ठोका केसभर आधी पडतो. लहानपणी तू माझ्या बोटाला धरून चालायचीस तेव्हा अशीच पुढे पळायचीस, मला ओढत. पहिल्या ठोक्याला शंका आली, दुसऱ्याला खात्री झाली. तू स्टुडिओत कानाला आईचा आवाज लावून, पायातलं काढून, लाकडावर किती वेळा टाच आपटली असशील ते मला दिसलं. तुझी टाच दुखली असेल.

खरं तेवढं लिहितो. त्या दुसऱ्या ठोक्याला माझ्यापुरती तुझी आई संपली. इतके दिवस ती कुठेतरी आहे, फक्त माझ्यापर्यंत पोचत नाही, असं म्हणता येत होतं. आता ते म्हणता येत नाही. मी टेप बंद करणार होतो. हात उचललासुद्धा.

तेवढ्यात पायाला वेगळाच ठोका लागला, टेपमधला नव्हे, जिन्यातला. तुझी मावशी. पाय आपटत नव्हती, धावत होती. दारात आली तेव्हा हातात सुरी होती आणि बोटांना कोथिंबीर लागलेली. मला तिचं बोलणं ऐकू येत नाही, पण ओठ एकच शब्द म्हणत होते, तो मी वाचला. ताई, ताई. मग ती जमिनीवर बसली आणि गाल फळीला लावला, तू लावायचीस तसा. टेप संपेपर्यंत उठली नाही.

मी तिला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, माझ्या राहतं. तूही सांगू नकोस. डिसेंबरात येशील तेव्हा ती तुला हात धरून वर नेईल आणि म्हणेल, ऐक, ताई आली आहे. तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून तिचं तोंड बघ. मग तुला कळेल की मी तेव्हा तसं का म्हटलं होतं. माझ्याशी बोलताना मात्र समोर उभी राहा आणि हळू बोल, मी ओठ वाचायला शिकतो आहे.

काम साफ नाही, बाळ. ठोके पुढे जातात. पण आता त्याला हात लावू नकोस. मी रोज संध्याकाळी टेप लावतो, कारण खाली ती विळी घेऊन वाट बघत असते. तिच्यासाठी लावतो, आणि माझा तळवा ढोल्याला असतो. मला तिथे आई लागत नाही. तू लागतेस.

बाबा